विषाणू एकच, माकडे दोन
(पेशींवरील खुणा रोगाच्या वाटचालीविषयी काय सांगतात?)

आरोग्यविषयक बैठका घेताना आम्हाला दोन प्रश्न वारंवार ऐकू येतात. बैठक संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि मग कोणीतरी मागे रेंगाळतो. खिशातून घडी घातलेला कागद निघतो. "सर, काउंट सहाशेच्या वर गेलाय. आता गोळ्या थांबवल्या तर चालतील ना?" असे एखादा तरुण विचारतो. दुसऱ्या एखाद्या दिवशी एक आई दबक्या आवाजात विचारते, "पोराचा काउंट दोनशेच्या खाली आलाय. आता काही उपयोग नाही का हो?"

हा काउंट म्हणजे सीडी-४ पेशींची संख्या. एच.आय.व्ही.बाधित माणसाच्या घरात हा आकडा जणू परीक्षेच्या निकालासारखा वाचला जातो. आकडा वाढला की पास, घटला की नापास. परंतु सीडी-४ म्हणजे नेमके काय, तो घटतो कसा आणि त्या एका आकड्यावर किती विसंबावे, हे समजावून सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. वाचक बंधुभगिनींनो, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे माकडांच्या अभ्यासातून मिळाली आहेत. ती हकीकत आम्ही येथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहोत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी तर ती आवर्जून वाचावी.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. सिंधुदुर्गात गोचिडांमार्फत पसरणारा जो 'माकडताप' आहे, त्याचा या लेखाशी संबंध नाही. तो विषाणू वेगळा आणि रोगही वेगळा.

पेशी ओळखायच्या कशा?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये लिंफोसाइट नावाच्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सगळ्या जवळपास सारख्याच दिसतात. एखाद्या मोठ्या मेळाव्याची कल्पना करा. हजारो माणसे पांढऱ्या कपड्यांत आली आहेत. त्यांत पाणी वाटणारे कोण, प्रथमोपचार करणारे कोण, रांगा लावणारे कोण, हे दुरून कळत नाही. छातीवरचा बिल्ला पाहिला की मात्र लगेच कळते. पेशींच्या पृष्ठभागावरही अशीच ओळख पटवणारी प्रथिने असतात. त्यांनाच आपण ओळखखुणा म्हणू.

हे बिल्ले वाचण्याची युक्ती १९७५ मध्ये सापडली. केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर आणि सीझर मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच प्रथिनाला अचूक चिकटणारी प्रतिपिंडे हव्या तेवढ्या प्रमाणात तयार करण्याची पद्धत शोधली. त्याबद्दल १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडायचा, तो रक्ताच्या नमुन्यात मिसळायचा आणि पेशी एकामागोमाग एक लेसर किरणासमोरून सोडायच्या. ज्या पेशीवर ती खूण असेल ती चमकते आणि यंत्र तिची नोंद घेते. या यंत्राला फ्लो सायटोमीटर म्हणतात. ते सेकंदाला हजारो पेशी मोजू शकते.

प्रत्येक प्रयोगशाळा या खुणांना आपापली नावे देऊ लागल्यामुळे गोंधळ माजला. म्हणून १९८२ पासून, पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय बैठकीनंतर, त्यांना क्रमांक देण्यात येऊ लागले. 'सीडी' हे 'क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन' या शब्दांचे लघुरूप होय. सीडी-३ ही सर्व टी-पेशींची खूण. त्यांपैकी सीडी-४ असलेल्या पेशी इतरांना मदत करणाऱ्या व कामाला लावणाऱ्या, म्हणजे साहाय्यक पेशी. सीडी-८ असलेल्या पेशी रोगग्रस्त पेशींना ठार करणाऱ्या, म्हणजे मारक पेशी. सीडी-२० ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या घराण्यातील बी-पेशींची खूण.

पेशीचे काम बिल्ल्यावरून कळले, तरी तिची अवस्था कळण्यासाठी आणखी खुणा पाहाव्या लागतात. पेशी चेतवली गेली की तिच्यावर सीडी-३८ आणि एचएलए-डीआर या खुणा वाढतात. पेशी विभाजनाच्या तयारीत असली की तिच्या केंद्रकात केआय-६७ हे प्रथिन दिसते. दीर्घकाळ लढून थकलेल्या पेशीवर पीडी-१ ही खूण ठळक होते. माकडांतील टी-पेशींच्या बाबतीत सीडी-२८ आणि सीडी-९५ या दोन खुणा एकत्र पाहिल्या की अननुभवी पेशी कोणती आणि पूर्वीच्या शत्रूची आठवण ठेवणारी 'स्मृतिपेशी' कोणती, हे वेगळे करता येते. माणूस आणि माकड यांची ही प्रथिने पुष्कळ मिळतीजुळती असल्यामुळे माणसांसाठी बनवलेली अनेक प्रतिपिंडे माकडांच्या रक्तातही चालतात. या अभ्यासाला गती मिळण्याचे हे एक मोठे कारण.

आता मुख्य गोष्ट. एच.आय.व्ही. पेशीत शिरतो तो सीडी-४ या खुणेला धरूनच, हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे जो साहाय्यक पेशीचा बिल्ला, तोच विषाणूचा दरवाजा. त्या दरवाजाला आणखी एक कडी असते, सीसीआर-५ नावाची. तिचा शोध १९९६ मध्ये लागला.

कुष्ठरोगाच्या अभ्यासातून निघालेला धागा

माकडांमध्येही एड्ससारखा रोग आहे, हे शास्त्रज्ञांना काहीसे अपघातानेच कळले. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कोव्हिंग्टन येथे माकडांवरील संशोधनाचे एक केंद्र आहे. तेथे कुष्ठरोगाचा अभ्यास चालू होता. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या काजळी रंगाच्या 'सूटी मँगाबे' जातीच्या एका माकडाला नैसर्गिकरीत्या कुष्ठरोग झालेला आढळला होता. त्याच्या गाठींतील ऊती ऱ्हीसस जातीच्या माकडांना टोचण्यात आल्या. यांतील काही ऱ्हीसस माकडे कुष्ठरोगाऐवजी भलत्याच आजाराने खंगू लागली. त्यांची प्रतिकारशक्तीच ढासळत होती. टोचलेल्या ऊतींबरोबर एक विषाणूही गेला होता. १९८६ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्याआधी १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका केंद्रात आजारी ऱ्हीसस माकडांतून असाच विषाणू वेगळा करण्यात आला होता. त्यालाच आज एस.आय.व्ही. म्हणतात. तो एच.आय.व्ही.चा जवळचा नातलग होय.

आश्चर्य पुढेच आहे. ज्या मँगाबेकडून हा विषाणू आला, ती जात त्याच्यामुळे सहसा आजारी पडत नाही. आफ्रिकेतील चाळीसहून अधिक जातींच्या माकडांत व कपींत या घराण्याचे विषाणू आढळतात आणि त्यांपैकी बहुतेक जाती त्यांच्यासह आपले आयुष्य सुरळीत जगतात. आशियातील माकडांत मात्र हा विषाणू निसर्गतः नाही. त्यांच्या शरीरात तो गेला की मरण ओढवते. माणसांतील एच.आय.व्ही.-२ हा मँगाबेच्या विषाणूपासून आणि एच.आय.व्ही.-१ हा मुख्यतः चिंपांझीच्या विषाणूपासून आलेला आहे. चिंपांझी मात्र पूर्णपणे सुरक्षित नाही. टांझानियातील गोम्बे येथील जंगली चिंपांझींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाधित चिंपांझींमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले.

ऱ्हीसस माकडात काय घडते?

ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतात देवळांत आणि रेल्वे स्थानकांवर दिसणारे तांबड्या तोंडाचे माकड. आपल्या रक्तगटापुढे जे 'आर.एच. पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहितात, ते याच माकडाच्या नावावरून. एकेकाळी भारतातून ही माकडे फार मोठ्या संख्येने परदेशी प्रयोगशाळांकडे पाठवली जात. किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांत ती वापरल्याच्या तक्रारी झाल्यावर १९७८ मध्ये भारताने निर्यात बंद केली. अमेरिकेतील पैदास केंद्रांत वाढलेले त्यांचे वंशज आजही 'भारतीय वंशाची ऱ्हीसस माकडे' म्हणूनच ओळखले जातात. चिनी वंशाच्या माकडांपेक्षा या भारतीय वंशाच्या माकडांत एस.आय.व्ही.चा रोग साधारणतः वेगाने वाढतो. अनुवंशाचा हा परिणाम आहे. त्यांच्यातही ठरावीक जनुके असलेली काही माकडे विषाणूला बराच काळ आवरून धरतात.

संसर्गानंतर सुमारे दोन आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या शिखर गाठते. रक्तातील सीडी-४ पेशी थोड्याफार घटतात, पुन्हा काहीशा सावरतात. नुसत्या रक्ताकडे पाहिले तर वाटावे, फारसे बिघडलेले नाही. परंतु शरीरातील एकूण लिंफोसाइटांपैकी जेमतेम दोन टक्केच रक्तात फिरत असतात. बाकीच्या गाठींत, प्लीहेत आणि विशेषतः आतड्याच्या अस्तरात असतात. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी बाधित माकडांच्या आतड्यातील पेशी तपासल्या. तेथील सीडी-४ पेशी पहिल्या काही आठवड्यांतच जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. आतड्यात सीसीआर-५ असलेल्या स्मृतिपेशींची दाटी असते आणि विषाणूला त्याच हव्या असतात. म्हणजे ओसरीवर शांतता दिसत असताना आतले कोठार लुटले गेलेले असते.

मग सीडी-८ मारक पेशी पुढे सरसावतात आणि विषाणूंची संख्या खाली येते. हे काम खरोखर त्यांचेच, याचा पुरावा १९९९ मध्ये मिळाला. बाधित माकडांना सीडी-८ पेशी काढून टाकणारे प्रतिपिंड दिले, तेव्हा विषाणू झपाट्याने वाढला. त्या पेशी परतल्यावर तो पुन्हा घटला.

परंतु हा विजय पुरता नसतो. विषाणू उरतोच. प्रतिकारयंत्रणा महिनोन्महिने चेतलेलीच राहते. सीडी-३८, एचएलए-डीआर आणि केआय-६७ या खुणा असलेल्या पेशींचे प्रमाण चढे राहते. त्यातच आतड्याचे दुबळे झालेले अस्तर पाझरू लागते आणि तेथील जिवाणूंचे अंश रक्तात शिरतात, हे २००६ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे यंत्रणा आणखी चेतते. चेतलेल्या पेशी विषाणूला नवे खाद्य पुरवतात आणि मरतात. हे चक्र चालू राहते. मारक पेशींवर पीडी-१ची खूण ठळक होते, त्या थकतात. दीर्घकाळ पुरवठा करणाऱ्या स्मृतिपेशींचा साठा संपत आला की फुप्फुसाचे, आतड्याचे, मेंदूचे आजार माकडाला घेरतात. उपचाराविना माणसात ज्याला साधारण दहा वर्षे लागतात, ते ऱ्हीसस माकडात बहुधा एक-दोन वर्षांत घडते.

मँगाबे आजारी का पडत नाही?

सुरुवातीला अनेकांना वाटले, की मँगाबेचे शरीर विषाणूला दाबून ठेवत असेल. प्रत्यक्षात मोजणी केली, तेव्हा मँगाबेच्या रक्तातही आजारी ऱ्हीससइतकाच विषाणू आढळला! तरीही त्याच्या सीडी-४ पेशी वर्षानुवर्षे टिकून असतात.

फरक दिसला तो अवस्थादर्शक खुणांत. अमेरिकेतील अटलांटा येथील मँगाबेंच्या कळपाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात चेतलेल्या पेशींचे प्रमाण कमी आढळले. सुरुवातीला मँगाबेचे शरीरही जोरात प्रतिकार करते. आतड्यातील सीडी-४ पेशी त्याच्याही घटतात. परंतु काही आठवड्यांत ही धामधूम शमते. आतड्याचे अस्तर शाबूत राहते, जिवाणूंचे अंश रक्तात पाझरत नाहीत. शिवाय त्याच्या मोलाच्या स्मृतिपेशींवर सीसीआर-५ ही कडी फारच कमी असते. त्यामुळे विषाणू त्या साठ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

घरात चोर शिरला म्हणून सगळे गाव रात्रंदिवस काठ्या घेऊन धावत राहिले, तर शेती पडीक राहील, चुली थंड होतील आणि गाव चोरीपेक्षा धावपळीनेच खचेल. ऱ्हीससचे असेच होते. मँगाबेच्या गावात चोर आहे, पण धान्याचे कोठार बंद आहे आणि लोक आपापल्या कामाला लागले आहेत.

माणसांतही हेच दिसून आले. लॉस एंजेलिस येथे जॅनिस जॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीडी-८ पेशींवरील सीडी-३८ या खुणेचा दीर्घ अभ्यास केला. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले, की प्रगत अवस्थेतील रुग्ण किती काळ जगेल, याचा अंदाज विषाणूंच्या संख्येपेक्षा टी-पेशींच्या चेतलेल्या अवस्थेवरून अधिक चांगला बांधता येतो.

खूण फसवूही शकते

येथे सावधगिरीचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. आफ्रिकन हिरव्या माकडांमध्ये साहाय्यक पेशी स्मृतिपेशी बनताना आपला सीडी-४ बिल्लाच उतरवून ठेवतात, असे २००९ मध्ये आढळले. त्यांचे साहाय्याचे काम बरेचसे चालूच राहते, फक्त विषाणूला दरवाजा सापडत नाही. अशा माकडाचा सीडी-४ काउंट कमी दिसेल, पण त्यावरून ते आजारी आहे असे म्हणणे चूक ठरेल. उलट ऱ्हीससच्या रक्तातला आकडा बरा दिसत असताना आतड्याची हानी होऊन गेलेली असते. आकडा खोटे बोलत नाही. परंतु तो जेवढे विचारले तेवढेच सांगतो.

दुसरी गोष्ट, माकड म्हणजे माणूस नव्हे. माकडांवरील प्रयोगांत आशादायक वाटलेली एक एच.आय.व्ही. लस २००७ मध्ये माणसांवरील मोठ्या चाचणीत निष्फळ ठरली. पीडी-१ला अडवणारे प्रतिपिंड दिल्यावर बाधित माकडांच्या थकलेल्या पेशींना पुन्हा बळ आल्याचे २००९ मध्ये दिसले. पण त्यावरून एच.आय.व्ही.वर इलाज सापडला, असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये.

आपल्या ताटात काय पडले?

तरीही या अभ्यासाचे ऋण मोठे आहे. १९९५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी माकडांना एस.आय.व्ही. टोचण्याच्या आधी किंवा नंतर चोवीस तासांच्या आत एक औषध सुरू केले आणि चार आठवडे दिले. त्या माकडांना संसर्ग झाला नाही. पुढच्या प्रयोगांत औषध सुरू करण्यास जितका उशीर, तितके संरक्षण कमी, असे दिसले. ते औषध म्हणजे टेनोफोव्हिर. आज आपल्या सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून मिळणाऱ्या रोजच्या गोळीत ते असते. रुग्णालयात काम करताना सुई टोचली गेली, तर औषध तातडीने आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे, या नियमामागेही हे माकडांवरचे प्रयोग आहेत.

भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत ए.आर.टी. सुरू झाली. तेव्हा सीडी-४ दोनशेच्या खाली जाईपर्यंत बहुतेकांना वाट पाहावी लागे. पुढे ही मर्यादा वाढत गेली आणि २०१७ पासून काउंट कितीही असला, तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण आले. आतड्याचे कोठार सुरुवातीलाच लुटले जाते, हे कळल्यावर वाट पाहण्यात अर्थ उरला नव्हता. २०१५ मध्ये 'स्टार्ट' या आंतरराष्ट्रीय चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. काउंट पाचशेच्या वर असतानाच उपचार सुरू केलेल्यांत गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले.

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे वळू. त्या तरुणाला आमचे उत्तर असे: बाळा, गोळ्या थांबवू नकोस. तुझ्यासारखाच विचार करून एक मोठी चाचणी झाली होती. 'स्मार्ट' तिचे नाव. साडेतीनशेच्या वर काउंट गेला की औषध थांबवायचे आणि अडीचशेच्या खाली आला की पुन्हा द्यायचे, अशी तिची रीत होती. सुमारे साडेपाच हजार लोक तिच्यात होते. औषध थांबवणाऱ्यांत आजार व मृत्यू यांचा धोका अडीचपटीहून अधिक दिसल्यामुळे २००६ मध्ये ती रीत बंद करावी लागली. तुझा आकडा सहाशे आहे तो गोळ्यांमुळे. गोळी थांबली की विषाणू उठतो आणि यंत्रणा पुन्हा चेतते. आपण मँगाबे नाही. आपले शरीर या बाबतीत ऱ्हीसससारखे आहे.

आणि त्या माउलीला आम्ही सांगू, की दोनशे हा आकडा मरणाची तारीख नव्हे. तो धोक्याची घंटा आहे. अशा वेळी क्षयरोग व इतर संसर्गांपासून जपावे लागते, त्यासाठी वेगळी औषधेही डॉक्टर देतात. ए.आर.टी. नियमित घेतल्यावर अशी असंख्य माणसे सावरली, कामावर गेली, संसाराला लागली. मात्र पोराला उद्याच केंद्रावर न्या. कोणी काय म्हणेल या भीतीने जिल्हा बदलत फिरू नका. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित व्यक्तीला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभावाची वागणूक देणे आणि तिच्या संमतीविना तिचे गुपित फोडणे कायद्याने निषिद्ध आहे. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एका कुष्ठरोगी माकडाच्या गाठीपासून निघालेला हा धागा आपल्या गल्लीतल्या एखाद्या घरातील औषधाच्या बाटलीपर्यंत येऊन पोहोचला आहे. मधे अनेक मुक्या जिवांचे प्राण गेले, हे विसरून चालणार नाही. त्यांत आपल्याच मातीतून नेलेल्या माकडांचे वंशजही होते. त्यांच्या मरणातून मिळालेले ज्ञान कपाटात ठेवण्यासाठी नाही. पुढच्या बैठकीनंतर कोणी कागदाची घडी उलगडून तुमच्यासमोर उभा राहिला, तर आकडा पाहून दचकू नका आणि हुरळूनही जाऊ नका. शेजारी बसा, सीडी-४ म्हणजे काय ते समजावून सांगा आणि गोळी वेळेवर घेतली का, एवढे मात्र नक्की विचारा.